इग्लूलिकचा कॅमेरा

‘आपल्या भाषेला मार्केटच नाही हो,’ असं एखादा मराठी निर्माता म्हणाला की मला झकारायस कुनुक आठवतो. कॅनडाच्या पार उत्तरेला, आर्क्टिकमध्ये, इग्लूलिक नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं बेट आहे. कुनुक तिथला इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळनिवासी समाजातला, दिग्दर्शक. त्याची इनुक्टिटूट भाषा बोलणारे कॅनडात चाळीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे तेवढी माणसं एखाद्या तालुक्याच्या गावात असतात.

1957चा जन्म. शाळकरी वयात तो दगडाच्या छोट्या मूर्ती कोरून विकायचा आणि त्या पैशांत गावच्या हॉलमध्ये हॉलिवूडच्या जॉन वेनचे सिनेमे बघायचा. 1981मध्ये अशाच मूर्ती मॉन्ट्रियलला नेऊन विकल्या आणि व्हिडिओ कॅमेरा घेतला. तेव्हा इग्लूलिकमध्ये टीव्ही नव्हता. गावाने मतदान घेऊन दोनदा तो नाकारला होता, कारण त्यावर त्यांच्या भाषेत काही नसे. असा हट्ट आपण कधी धरला?

1990मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर ‘इसुमा’ ही निर्मितीसंस्था काढली. 2001चा ‘अतानार्जुआत’ हा इनुक्टिटूटमधला पहिला कथापट. लोककथा गावातल्या वृद्धांकडून ऐकून घेतलेली, कलाकार इनुइट, कातड्याचे कपडेही जुन्या पद्धतीने शिवलेले. त्यात नायक जीव वाचवायला बर्फावरून नागडा धावतो. मागे तिघं मारेकरी, वितळत्या बर्फाची डबकी, सोलवटलेले तळवे. ते बघताना मी खुर्चीत पाय वर ओढून घेतले होते. कॅमेरा कुठेही त्याची कीव करत नाही, परक्यासाठी थांबून काही समजावतही नाही. म्हणूनच हा चित्रपट जगाला कळला, असं माझं ठाम मत आहे. कान महोत्सवात त्याला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ पुरस्कार मिळाला.

पुरस्कारांनी पैशाचा प्रश्न सुटला नाही. 2011मध्ये इसुमा कर्जात बुडाली. तरी 2016मध्ये कुनुकने ‘मालिग्लुटिट’ केला. त्यामागे प्रेरणा होती ‘द सर्चर्स’ची, म्हणजे पुन्हा जॉन वेनच. भाषा अर्थातच इनुक्टिटूट.

आपल्या फिल्म सोसायट्यांमध्ये त्रुफो आणि कुरोसावा वर्षानुवर्षं फिरत राहतात, ते राहोतच. पण यंदा एक संध्याकाळ ‘अतानार्जुआत’ला द्या. जवळजवळ तीन तासांचा आहे, कापू नका. आणि खेळाला मराठी निर्मात्यांना आवर्जून बोलवा.