रील संपली, डाव चालूच होता

डोंबिवली ते ठाणे या प्रवासात ‘फ्राइड लिव्हर’ची एकच रील मी चारदा पाहिली. पाठ झाली. रविवारी ठाण्यातल्या एका रॅपिड स्पर्धेत समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी. चौथ्या चालीला घोडा जी५वर नेला आणि मनात पॉइंट मोजून टाकला.

तिने डी५ला प्यादं पुढे केलं, मी मारलं. रीलमधला काळा इथे घोड्याने प्यादं परत मारतो. मग एफ७वर घोडा द्यायचा, राजाने मारला की वजीर एफ३, शह! डी५चा घोडा वाचवायला राजाला भर पटावर ई६ला यावं लागतं. तिने मारलंच नाही. घोडा ए५ला नेला, माझ्या उंटावर. रील संपली. थोड्या वेळाने मीही.

चूक माझीच. पण आठ वर्षांच्या पोरांना पंधरा-पंधरा चाली घोकायला लावणाऱ्या क्लासवाल्यांनाही माझं भांडण लागू आहे. एफ७च का, हे कोण सांगतं? सुरुवातीला त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो, म्हणून. आणि तोच घोडा दोनदा हलवला की बाकीचं सैन्य घरीच राहतं. टाराश याच चालीची टर उडवायचा. ए५चा घोडा म्हणजे सौदा आहे: एक प्यादं घे, मला वेळ दे. उंटाने शह दिला की सी६, तिथली मारामारी झाली की उंट पळणार, मग एच६ आणि घोडाही पळणार. हे कळलं तर विसरलेली चालसुद्धा सुचते. ॲपची काळी-पांढरी पट्टी कोण वरचढ ते दाखवते, का ते नाही. (इंजिनीअरिंगच्या व्हायव्हात आम्ही हेच केलं: कोड चालतो ना, पुढे विचारू नका.)

‘ग्रँडमास्टरही पाठच करतात’ हे उत्तर ठरलेलं. करतात की! पण नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ला टोरंटोच्या कॅन्डिडेट्समध्ये नाकामुराविरुद्ध काळ्याकडून एच३वर उंट दिला आणि जिंकला. उंट देणं घोकता येईल. राजासमोरची भिंत फुटल्यावर मारा चालू कसा ठेवायचा, ते कुठून घोकणार?

डाव संपल्यावर तिला विचारलं, डी५ला का नाही मारलंस?

“काका, तुमचा उंट तिकडेच बघत होता ना!”