पडद्याआडचा चाकर

ज्याचें काम डोळ्यांना दिसत नाहीं, त्याच्यावर दोषारोप करणें फार सोपें असतें. घरांतील नोकराविषयीं ही गोष्ट जितकी खरी, तितकीच आजकाल विद्यार्थ्यांच्या हातीं आलेल्या टॅब्लेटविषयींही खरी आहे. टॅब्लेट टेबलावर स्वस्थ पडलेला असतो, कोणी त्याला हात लाविलेला नसतो, तरी त्याची पाठ तापते. सकाळीं पूर्ण भरलेली बॅटरी दुपारपर्यंत रिकामी होते. एखादें पान उघडावयास सांगितलें तर तो घटकाभर विचारच करीत बसतो. असा अनुभव आला म्हणजे विद्यार्थी बहुधा दोहोंपैकीं एक उपाय योजतो. एक तर चालू असलेलें सर्व कांहीं एका झटक्यांत बंद करणारें ॲप घेतो, नाहीं तर सर्व पुसून टॅब्लेट कारखान्यांतून आला तसा कोरा करून टाकतो. यांपैकीं पहिला उपाय बहुधा निष्फळ, व दुसरा घाईनें केल्यास हानिकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हें पाहूं कीं, कोणी हात न लावितां यंत्रांत राबतो तरी कोण? १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंतील संगणकतज्ज्ञांनीं पडद्यामागें अखंड काम करणाऱ्या प्रक्रियांना ‘डीमन’ असें नांव दिलें. हें नांव कोणाला झपाटणाऱ्या पिशाच्चावरून आलेलें नसून, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यानें कल्पिलेल्या, वायूचे कण अहोरात्र निवडीत बसणाऱ्या एका द्वारपालावरून आलेलें आहे. तेव्हां डीमन म्हणजे बाधा नव्हे, तर चाकर होय. आणि चाकरावर मांत्रिकाचे उपाय चालत नसतात.

अँड्रॉइड टॅब्लेटमध्यें चित्रें, गाणीं व चित्रफिती यांची सूची ठेवणारा असाच एक चाकर आहे. यंत्र सुरू झालें किंवा नवें मेमरी कार्ड घातलें कीं, तो एकेक फाईल उघडून तिचें नांव, तारीख, लांबी वगैरे टिपून घेतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत फाईल उघडून तपासण्याचें काम ‘मीडियासर्व्हर’ या एकाच प्रक्रियेकडे असे. २०१५ सालीं त्या भागांत ‘स्टेजफ्राइट’ म्हणून गाजलेले सुरक्षिततेचे दोष उघड झाले, व २०१६ सालच्या ७.० या आवृत्तींत तिचीं कामें कमी अधिकारांच्या निरनिराळ्या प्रक्रियांत वांटून देण्यांत आलीं. आज सूचीचें काम ‘मीडिया स्टोरेज’ या नांवानें चालतें.

आतां समजा, कार्डावरील एक चित्रफीत अर्धवटच उतरली आहे व तिच्या आंतील रचना बिघडली आहे. चाकर ती उघडतो, तिचा अर्थ त्याला लागत नाहीं. तो तेथेंच अडकतो, किंवा कोसळतो. कोसळला तर यंत्रणा त्याला पुन्हां उभा करते, आणि तो पुन्हां त्याच फाईलपाशीं येऊन थांबतो. काम मागत सुटलेल्या भुताला एका चतुर माणसानें खांबावर चढउतार करावयास लाविलें, ही गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. येथें तोच प्रकार होतो. मात्र खांब कोणी जाणूनबुजून रोवलेला नसतो. प्रोसेसर पूर्ण वेगानें धांवत राहतो. टॅब्लेटला पंखा नसल्यानें उष्णता त्याच्या कवचांतूनच बाहेर पडते. ती फार वाढली कीं प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, म्हणून पान उघडावयास उशीर लागतो. या उष्णतेनें बॅटरीचें आयुष्यही घटतें.

हें समजलें म्हणजे वरील दोन उपायांचें स्वरूप उघड होतें. प्रक्रिया ठार बंद केली तर यंत्रणा ती पुन्हां सुरू करते, व झालेलें काम वायां जाऊन सूचीचा श्रीगणेशा नव्यानें होतो. टॅब्लेट कोरा केला तर आंतील सांठ्यांतलीं वर्षभराचीं टिपणें नाहींशीं होतात. पण मेमरी कार्ड सामान्यतः पुसलें जात नाहीं. म्हणजे निरपराधी टिपणांचा बळी जातो, आणि खरा अपराधी कार्डावर सुखरूप राहून दुसऱ्या दिवशीं तोच ताप पुन्हां आणतो!

मग करावें काय? प्रथम थोडा धीर धरावा. नवी आवृत्ति घेतल्यावर किंवा पुष्कळ फाईली एकदम भरल्यावर कांहीं काळ श्रम होणें स्वाभाविक आहे; टॅब्लेट रात्रभर चार्जरला लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशींही ताप न उतरला तर सेटिंग्जमध्यें बॅटरीचा खर्च कोणाच्या नांवावर पडला आहे तें पाहावें. नंतर यंत्र बंद करून कार्ड काढावें व पुन्हां सुरू करावें. यंत्र शांत झालें, तर दोष कार्डांत आहे. शांत न झालें, तर ‘सेफ मोड’ मध्यें सुरू करून पाहावें. त्या स्थितींत आपण बाहेरून घेतलेलीं ॲप्स चालत नाहींत. तेथें ताप उतरला, तर दोष त्यांच्यापैकीं एकांत आहे.

कार्डांतील अपराधी शोधण्यास गणिताचें साह्य घ्यावें. सर्व फाईली संगणकावर उतरवाव्या. उतरवतांनाच चुका होऊं लागल्या तर कार्डच निकामी झालें असण्याचा संभव असतो. मग निम्म्याच फाईली कार्डावर ठेवून पाहावें. ताप आला तर दोषी फाईल या निम्म्यांत, न आला तर बाकीच्या निम्म्यांत. दर वेळीं असे निम्मे करीत गेल्यास १०२४ फाईलींतून एक बिघडलेली फाईल अवघ्या १० खेपांत हातीं लागते. ज्या फोल्डरची सूची नकोच असेल, त्यांत ‘.नोमीडिया’ नांवाची एक रिकामी फाईल, अर्थात् रोमन अक्षरांत, ठेवावी. मग चाकर त्या दारांतून आंत जात नाहीं.

दुसरें एक उदाहरण घेऊं. कधीं कधीं प्रोसेसरचा वेळ ‘के-स्वॅप-डी’ नांवाची प्रक्रिया खात असलेली आढळते. हा अँड्रॉइडच्या मुळाशीं असलेल्या लिनक्सचा चाकर; रॅम अपुरी पडूं लागली कीं जागा मोकळी करणें हें त्याचें काम. तो घामाघूम झाला आहे, याचा अर्थ आपण लहान घरांत फार पाहुणे बोलाविले आहेत. तेथें चाकराला शिक्षा करून काय होणार? पाहुणे कमी केले पाहिजेत, म्हणजे जड ॲप्स काढलीं पाहिजेत. यादींत वर आलेलें नांव कोण राबत आहे एवढेंच सांगतें. त्याला कोणी राबविलें, हें सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नवा टॅब्लेट घ्यावा, म्हणजे झालें. ज्या घरांत एकच टॅब्लेट तीन भावंडांत फिरतो, तेथें हें उत्तर देण्यास जीभ कचरली पाहिजे. आणि ज्याला तो घेणें शक्य आहे, त्यानेंही तेंच बिघडलेलें कार्ड नव्या यंत्रांत घातलें तर त्यानें मिळविलें काय? सुताराला रंधा जाम झाला कां हें समजतें, शेतकऱ्याला मोटार पाणी कां ओढत नाहीं हें समजतें. मग ज्याच्यावर आपण दिवसाचे कित्येक तास घालवितों, त्या यंत्राविषयींच आपण अनभिज्ञ राहावें, हें सुशिक्षितास शोभत नाहीं.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, पुढच्या वेळीं टॅब्लेट तापला म्हणजे ‘कोणाला बंद करूं?’ असें विचारूं नका. ‘हा कोणत्या कामांत अडकला आहे?’ असें विचारा. पहिल्या प्रश्नानें घटकाभर समाधान मिळेल, दुसऱ्यानें टिपणेंही राहतील आणि यंत्रही राहील.