गोळीत पडणारा खंड

औषध स्वस्त असणे निराळे आणि ते रुग्णाच्या हाती रोज पडणे निराळे. रक्तदाबावर व हृदयविकारावर दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर वर्गातील औषधांची कथा हा भेद लख्ख दाखवते.

या वर्गातील प्रोप्रानोलॉल हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघाले. ॲड्रिनलिनचा हृदयावरील परिणाम अडवून ठोके मंद करणे, हे त्याचे कार्य. ते भारतात बनवू लागलेल्या सिप्लाविरुद्ध आयसीआयने तक्रार केली व प्रकरण इंदिरा गांधींपर्यंत गेले, अशी हकीकत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी सांगितली आहे. १९११ च्या वसाहतकालीन कायद्याची जागा घेणारा पेटंट कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि १९७२ मध्ये अंमलात आला. औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी त्याने संपवली. प्रक्रियेवरील पेटंटाची मुदतही सोळा वर्षांवरून जास्तीत जास्त सातवर आणली. या कायद्याने देशी भांडवलदारांचेही भले झाले, हे मान्य करताना समाजवाद्यांनी संकोचण्याचे कारण नाही. २००५ मध्ये पदार्थावरील पेटंट परत आले, तरी ही जुनी औषधे त्याच्या कचाट्याबाहेर राहिली.

किमतीची लढाई मात्र संपलेली नाही. १९९५ च्या आदेशानुसार नियंत्रित औषधाची किंमत उत्पादनखर्चावरून ठरे. २०१३ च्या आदेशाने ती बाजारातील प्रमुख ब्रँडांच्या सरासरीवर नेऊन ठेवली. ज्याच्या नफेखोरीला आवर घालायचा, त्याच्याच दरपत्रकाची मोजपट्टी करण्याचा हा प्रकार आहे! घाऊक किंमत निर्देशांकाच्या आधारे २०२३ मध्ये या कमाल किमतींत १२ टक्क्यांहून अधिक वाढीस मुभा मिळाली.

पण त्याहून गंभीर प्रश्न खंडाचा आहे. बीटा ब्लॉकर दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबवले, तर इतके दिवस दबलेले हृदय ॲड्रिनलिनला अधिकच तीव्र प्रतिसाद देते. नाडी धावते, रक्तदाब उसळतो, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून हे औषध बंद करायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवीत. ‘गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या’ हे सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरचे उत्तर खोकल्याच्या औषधाबाबत गैरसोयीचे ठरेल. इथे ते धोक्याचे आहे. रोजंदारी बुडवून आलेला मजूर पुढच्या आठवड्यात पुन्हा येईलच, असे कोणत्या हिशेबाने धरायचे?

केवळ रक्तदाब असलेल्यांसाठी ही औषधे आता पहिल्या पसंतीची राहिलेली नाहीत, आणि ॲटेनोलॉल तर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून वगळले गेले, हे खरे. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, हृदय दुर्बल झालेले, नाडी अनियमित असलेले असंख्य रुग्ण या वर्गातील औषधांवरच आहेत. मेटोप्रोलॉल त्या सूचीत कायम आहे.

पुरवठा अखंड ठेवणे अशक्य नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, प्रत्येक रुग्णालयाला औषधांच्या हिशेबाचे पासबुक दिले. महाराष्ट्रात औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. पाटी बदलली, खिडकीवरचे उत्तर बदलले का, हे तपासणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राची साठा नोंदवही माहिती अधिकारात मागवावी. गेल्या वर्षभरात रक्तदाबाची व हृदयविकाराची कोणती गोळी किती दिवस शून्यावर होती, तेवढा एकच रकाना उतरवून घ्यावा आणि तो कागद घेऊन जिल्हा परिषदेच्या पुढील सभेत जावे.