काचबिंदूला लक्ष्यांक नाही

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि तेव्हापासून त्याचे यश मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांत मोजले गेले. हे काम लहान नव्हे. लक्षावधी गरिबांना त्यामुळे पुन्हा दिसू लागले, हे शासनाच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. आक्षेप आहे तो मोजपट्टीवर. जे सहज मोजता येते तेवढेच करावयाचे, अशी सवय यंत्रणेला एकदा जडली की उरलेले अस्तित्वातच नाही, असे ती समजू लागते. (अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ही खोड घरचीच!) काचबिंदू हा या सवयीचा बळी आहे.

मोतीबिंदूत गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते; काचबिंदूत गेलेली कशानेही येत नाही. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट न झाल्याने बहुधा आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. नजर कडांकडून आक्रसत येते. समोरचे मात्र दीर्घकाळ स्पष्ट दिसते. एका प्रकारात डोळा एकाएकी लाल होऊन असह्य ठणकतो; तो रुग्ण निदान दवाखाना गाठतो. इतरांना दुखत नाही, खुपत नाही. माणूस दाराच्या चौकटीला धडकू लागला की घरचे म्हणतात, वय झाले. भारतात असे रुग्ण एक कोटीहून अधिक असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. दक्षिण भारतातील पाहण्यांत सापडलेल्यांपैकी बहुसंख्यांना आपल्या विकाराचा पत्ताच नव्हता.

‘सर्वांची तपासणी देशाला परवडणार नाही,’ असे उत्तर मिळते. घरोघरची तपासणी महाग पडते, हे खरेच. पण शिबिराच्या रांगेत आपण होऊन उभा राहिलेल्या चाळिशीपुढच्या माणसाचे काय? मोतीबिंदू ‘पिकला’ नाही म्हणून त्याला परत पाठविण्यापूर्वी डोळ्याचा दाब मोजणे व आतली नस पाहणे, यास असा काय खर्च येतो? दोन्ही पाहिले पाहिजे, कारण दाब सामान्य असूनही नस झिजणारे रुग्ण पुष्कळ असतात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना धोका अधिक असतो. त्यांना निरोप धाडण्यास तर पैसाही लागत नाही.

खरा वर्गीय प्रश्न निदानानंतर उभा राहतो. थेंब रोज घालावयाचे, तेही बहुधा जन्मभर. आणि त्यांनी नजर सुधारत नाही, आहे ती टिकते. हातावर पोट असलेल्याने महिनाअखेरीस किराणा आणावा की ही बाटली? २०१८ साली आलेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा खर्च उचलते. घरी रोज घालावयाच्या थेंबांचा नाही. दरम्यान, ब्रिटनमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आरंभीच लेसर उपचार दिलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता. सर्व प्रकारांना तो उपचार लागू नाही; पण जेथे लागू आहे तेथे मजुरास त्याची सर्वाधिक गरज आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंब विनामूल्य आणि अखंड, जिल्हा रुग्णालयात लेसर व दृष्टिक्षेत्र मोजणारे यंत्र, आणि तेही चालू स्थितीत. नेत्रशिबिरे भरविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही मंडपातील फलकावर शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: गेल्या वर्षी सापडलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी आज किती जण थेंब घालीत आहेत?