टेस्टोस्टेरॉन : जेल, कॅप्सूल की इंजेक्शन?

टेस्टोस्टेरॉनचे जेल चांगले की इंजेक्शन, हा प्रश्न आता अहेरी-आलापल्लीहून येणारे रुग्णही विचारतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंत बहुधा जेलला पहिला नंबर मिळतो, कारण त्यातून हार्मोन रोज साधारण सारख्या प्रमाणात मिळते. ते खरेच आहे. तरीही चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत बहुतेकांसाठी जेल ही पहिली निवड नसावी, असे माझे मत आहे.

त्याआधी एक पायरी आहे, ती गाळू नका. तुम्हाला हे औषध हवे आहे का? रक्तातले टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दुपारपर्यंत उतरते. म्हणून तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची असते. भामरागड किंवा सिरोंच्याहून पहाटे निघालेला माणूस चंद्रपूरच्या लॅबमध्ये दुपारी पोहोचतो, रस्त्यात चहा-नाश्ता झालेला असतो आणि रिपोर्ट कमी येतो. तो कमीपणा बसच्या वेळापत्रकाचाही असू शकतो! आदल्या रात्री मुक्कामाला या. मलेरिया किंवा दुसरा ताप नुकताच येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात हे हार्मोन तात्पुरते खाली जाते. रोजची दारू आणि वाढलेले पोटही ते कमी करतात. दोन्ही रिपोर्ट ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आणि सोबत लक्षणेही असतील, तरच पुढचे बोलू.

आणखी एक. पुढे मूल हवे असेल तर जेल नको, कॅप्सूल नको, इंजेक्शनही नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदूकडून अंडकोषांना जाणारा निरोप थांबतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जिममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून सुया टोचून घेणाऱ्या तरुणांना हे कोणी सांगत नाही. मूल हवे असणाऱ्यांसाठी वेगळी औषधे आहेत, ती तज्ज्ञांकडून घ्या.

आता जेल. ते रोज सकाळी आंघोळीनंतर खांद्यावर किंवा दंडावर लावायचे, वाळू द्यायचे, वर शर्ट घालायचा आणि काही तास ती जागा ओली करायची नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या किंवा जुलैत रोवणीला चिखलात उतरणाऱ्या माणसाने हे कसे पाळायचे? त्यात अल्कोहोल असते. वाळेपर्यंत चूल आणि विडी दोन्हींपासून लांब राहायचे. सर्वांत मोठी अडचण घरातली आहे. एका खोलीत, एका अंथरुणावर लेकरे बापाला बिलगून झोपतात आणि त्वचेवरचे हार्मोन त्यांच्या अंगाला लागते. लहान मुलांत अवेळी वयात येण्याची लक्षणे दिसल्यामुळे २००९ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने जेलच्या पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. घरात गरोदर बाई असेल तर ही काळजी दुप्पट. शहरात राहता, ऑफिसात काम करता, घरात लहान मूल नाही? मग जेल खुशाल घ्या.

कॅप्सूल सोपी वाटते. पण आपल्याकडे मिळणारी ४० मिलिग्रॅमची कॅप्सूल तेल-तुपाच्या जेवणासोबतच शोषली जाते, तीही दिवसातून दोनदा. नुसत्या आंबिलीवर किंवा वरणाच्या पाण्यावर घेतली तर बरीचशी वाया जाते. मी ती क्वचितच लिहितो.

राहिली इंजेक्शने. जुने २५० मिलिग्रॅमचे मिश्र इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी कमरेत घ्यावे लागते. पहिले काही दिवस पातळी उंच जाते, शेवटी खाली येते, आणि त्याबरोबर मूडही वरखाली होतो. त्याच्या काही ब्रँडमध्ये शेंगदाण्याचे तेल असते. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. दुसरे इंजेक्शन १००० मिलिग्रॅमचे. पहिल्या डोसनंतर सहा आठवड्यांनी दुसरा, मग साधारण दर १० ते १४ आठवड्यांनी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे तुम्हाला माहीत आहे. जूनच्या सुरुवातीला घेतलेला डोस ऑगस्ट काढून देतो. मात्र हे ४ मिलिलिटर तेल हळूहळू, दोन मिनिटे घेऊन टोचायचे असते आणि नंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचे असते, कारण क्वचित तेलाचे थेंब फुप्फुसात जाऊन खोकला आणि धाप लागते. मेडिकलच्या दुकानात उभ्या उभ्या ते घेऊ नका.

माझी पद्धत अशी : पहिले काही महिने जुने इंजेक्शन, सगळे सुरळीत दिसले की तीन महिन्यांचे. कारण टोचलेले औषध परत काढता येत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन रक्त घट्ट करते. हेमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे लागते. अशा वेळी शरीरात तीन महिन्यांचा साठा असणे बरे नव्हे.

आपल्याकडे ही बाब जास्त महत्त्वाची, कारण इथे सिकलसेल घराघरात आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त घट्ट होणे धोक्याचे असते. शिवाय त्याच्या लिंगाला वेदनादायक, न उतरणारा ताठरपणा येऊ शकतो. गंमत अशी की टेस्टोस्टेरॉन कमी असणेही याच रुग्णांत बरेच आढळते. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच जपून द्यावे लागते. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर पहिल्या सुईआधी करून घ्या, कार्ड असेल तर सोबत आणा. नुसते वाहक असाल तर घाबरू नका, पण सांगा.

औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत हेमॅटोक्रिट, आणि चाळिशीनंतर पीएसएही तपासा. पातळीसाठी रक्त कधी द्यायचे हेही ठरलेले आहे : जुन्या इंजेक्शनात दोन सुयांच्या बरोबर मध्ये, मोठ्या इंजेक्शनात पुढच्या डोसच्या आधी. आणि ताठरपणा चार तासांत उतरला नाही तर सकाळची बस बघत बसू नका. रात्रीच १०८ ला फोन करा.