तक्रार वेगळी, गुन्हा वेगळा

धाराशिव जिल्ह्यात ऑनलाइन फसवणुकीचे गुन्हे थोडे नोंदले जातात म्हणून धोकाही थोडा, हा या सदरातील पत्राचा निष्कर्ष टिकत नाही. 1930 क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदते ती तक्रार. गुन्हा धरला जातो तो एफआयआर झाल्यावर. 2022 मध्ये पोर्टलवर 10 लाखांच्या आसपास तक्रारी आल्या, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात सायबर गुन्हे होते 65,893. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. ग्रामीण भागातील कित्येक ठाण्यांचा कारभार मात्र सहायक निरीक्षकाकडे! मग तक्रारदाराला जिल्ह्याच्या सायबर ठाण्याची वाट दाखवली जाते, आणि परंड्याहून तिथवर खेटे घालणारे थोडेच.

तक्रारीचा गुन्हा होवो न होवो, पैसे वाचणे न वाचणे वेळेवर ठरते. शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की ओटीपी परस्पर भामट्याच्या हाती पडतात. 1930 वर लगेच कळवल्यास पैसे ज्या खात्यात वळवले त्यातली रक्कम गोठवता येते. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे गेल्याचे पासबुक भरून घेताना कळले, तर तोवर ते अनेक खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात.