मूळ फोटो खाली, दुरुस्ती वर

२०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरले, त्यात आमच्या आजीचा एकुलता एक फोटो गेला. नशिबाने त्याआधी केलेले स्कॅन पेनड्राईव्हवर उरले होते. स्मृतिदिनाला मोठा फोटो लावावा म्हणून ते आम्ही एका दुकानात नेले. तिथल्या मुलाने अर्ध्या तासात फोटो अगदी स्वच्छ केला. पण आजीच्या कपाळावरचे गोंदण कुठे गेले?

"काका, मला डाग वाटला, काढून टाकला."

"अरे बाळा, गोंदण होतं ते! परत आण."

परत कुठून आणणार? त्याने मूळ चित्रावरच काम करून तीच फाईल सेव्ह केली होती.

आम्ही पडलो कारकून. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची असते. फोटोलाही हाच नियम लावता येतो. त्यासाठीच 'लेयर' असतात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आली. गिंप हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते, त्यातही ती आहे.

आता रीत सांगतो. सर्वांत खाली मूळ फोटो ठेवावा, त्याला कुलूप लावावे आणि त्याला हात लावू नये. त्याच्यावर रिकामा लेयर घेऊन डाग पुसण्याचे काम त्यावर करावे. मात्र पुसण्याच्या साधनाला रंगाचा नमुना खालच्या लेयरमधूनही घ्यायला सांगावे. नाव व तारखा तिसऱ्या लेयरवर लिहाव्यात. लेयरशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केले की तो लेयर लपतो आणि खालचे मूळ दिसते. चूक झाली तर वरचा लेयर तेवढा पुसावा.

फाईल फोटोशॉपमध्ये पीएसडी, तर गिंपमध्ये एक्ससीएफ प्रकारात ठेवावी. जेपेगमध्ये सगळे लेयर एक होऊन जातात. म्हणून छपाईला जेपेग द्यावी, पण लेयरची फाईल घरी मागून घ्यावी.

वाचकहो, फोटो काढणे परवडत नव्हते त्या काळातली आपली माणसे. एकेका घरात एकेकच फोटो. दुकानात जाताना मूळ स्कॅनची दुसरी प्रत घरी ठेवा, आणि त्या माणसाला पाहिलेले कुणीतरी मुलाच्या शेजारी बसवा. डाग कोणता आणि गोंदण कोणते, हे संगणकाला कसे कळणार?